राखाडी चौकटीतली होडी

आमच्या प्रकाशनातून वर्षाला एखादं पुस्तक निघतं, पण किस्से दर आठवड्याला निघतात! काय करणार? तीन माणसं, कांदिवलीतली एक खोली, आणि धंदा असा की शेजाऱ्यांना तो अजून कळलेला नाही.

आम्ही टेबलावर खेळायचे गोष्टींचे खेळ छापतो. पाच जण बसतात, एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे कोळी, चोर, सरदार काय वाट्टेल ते होतात आणि अडलं की फासे टाकतात. केदार नियम लिहितो, प्रीती गोष्टी लिहिते आणि मी, शिल्पा, छपाईसाठी पानं लावते. आमचा हट्ट असा की नियम सगळ्यांना खुले. कोणीही घ्या, बदला, आपल्या पुस्तकात छापून विका. अट एकच, ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव द्यायचं. पुस्तकात राखाडी चौकटीत असेल ते सगळ्यांचं, पांढऱ्यावर असेल ते आमचं.

ही राखाडी चौकट लक्षात ठेवा. तिच्यापायीच माझी वाट लागली.

*

केदारचे बाबा मूळ मालवणचे, जुने गिरणी कामगार. नियम सगळ्यांना खुले करणाऱ्या आमच्या परवान्याची सहा पानं त्यांनी चष्मा लावून वाचली आणि केदारला हाक मारली. "तू खुळो काय रे? वर्षभर बसान लिवतंस आणि लोकांका फुकट वाटतंस?"

केदार म्हणाला, "बाबा, तुमचं भजनी मंडळ दुसऱ्यांच्या चाली घेतं ना?"

"घेता! पण आमी सांगतो मा, ही चाल अमक्या बुवांची म्हणान!"

"मग आम्ही पण तेच करतो."

बाबांनी चष्मा काढला. "मगे त्याका सहा पानां कित्याक लागली?"

*

एकदा दिंडोशीला खेळ होता आणि ऐन वेळी आमच्याच पुस्तकातल्या नियमांच्या चार प्रती कमी पडल्या. झेरॉक्सवाल्याकडे गेले, तर म्हणतो, "मॅडम, पुस्तकाची झेरॉक्स काढत नाही. गुन्हा आहे."

मी राखाडी पानं उघडून दाखवली. "वाचा! ही पानं खुशाल कॉपी करा, असं छापलंय."

त्याने शांतपणे वाचलं. "कोणी छापलंय?"

"आम्हीच."

"मॅडम, त्या भिंतीवर 'येथे थुंकू नये' मीच लिहिलंय. कोण ऐकतं?"

नाहीच काढली त्याने. शेवटी केदारने बसून चारही प्रती हाताने लिहिल्या, पण खेळ वेळेवर सुरू केला. गडी असा हट्टी!

*

चेंबूरचा शिरसाट आमच्यासारखाच छोटा प्रकाशक. त्याने आमचा 'दम' नियम, म्हणजे लढताना माणूस कधी थकतो तो, उचलून सुधारला. मग तो सुधारलेला आम्ही परत घेतला. आता अटीप्रमाणे त्याचं नाव देणं आलं. त्याने मजकूरच पाठवून दिला: "केदारचा दम नियम चुकीचा होता. तो शिरसाटने दुरुस्त केला."

केदार लाल! "मी माझ्याच पुस्तकात हे छापू?"

"तुझीच अट आहे ना, यार!" शिरसाट फोनवर हसत होता.

छापलं. अजून छापतोय.

*

आता माझा पराक्रम.

प्रीतीची आई, हिरामावशी, वेसाव्याची. मासे विकते. तिने आम्हाला एक खरी गोष्ट दिली होती. तिचा नवरा होडी घेऊन परतत होता आणि सकाळी एवढं धुकं पडलं की खाडीचं तोंड दिसेना. तेव्हा किनाऱ्यावर सात बायका थाळ्या बडवत उभ्या राहिल्या. त्या आवाजावर होडी आत आली. मावशी म्हणाली होती, "छापा गो. पण सातही जणींची नावं घेतल्याशिवाय ही गोष्ट कोणी सांगायची नाय."

म्हणून ती पांढऱ्यावर ठेवायची ठरली. एका पानावर गोष्ट, मागच्या पानावर सात नावं. आणि मी पानं लावताना नियमांची राखाडी चौकट खाली ओढत नेली ती थेट गोष्टीवर! नावं मात्र मागे, पांढऱ्यावरच राहिली.

शिरसाटने अगदी नियमाने वागून राखाडी होतं तेवढं घेतलं. त्याच्या पुस्तकात होडी आली, धुकं आलं, खाली आमचं नाव आलं. सात बायका गायब. त्याच्यावरून बोरिवलीच्या एकानेही घेतली. आणि दिलेलं परत मागता येणार नाही, हे कलम आम्हीच मोठ्या अभिमानाने घातलेलं!

प्रीतीने पान बघितलं आणि बॅग उचलली. "माझ्या आईची गोष्ट तू वाटून टाकलीस, शिल्पा. आता तिला तूच सांग." ती यायची बंद झाली. फोन उचलेना. मला जेवण जाईना. पंधरा वर्षांची मैत्रीण आहे ती माझी.

*

शिरसाट बिचारा म्हणाला, "मी पुढच्या आवृत्तीत काढून टाकतो." केदार म्हणाला, "थांब, मी आधी मावशींना पत्र लिहितो." मी म्हटलं, काही नको. चूक माझी, तोंड माझं. सकाळी उठले आणि सरळ वेसाव्याच्या बाजारात जाऊन उभी राहिले.

मावशी सुरमई कापत होती. मी सगळं सांगितलं. चौकट, चेंबूर, बोरिवली, सगळं.

"नावं घेतली काय त्यांनी?"

"नाही, मावशी."

तिचा हात थांबला. "मग ती माझी गोष्ट नाय." मग पाण्यात हात धुतले. "कुठं खेळतात ते? मला ने."

*

रविवारी दुपारी घाटकोपरच्या हॉलमध्ये आम्ही सगळे प्रकाशक जमतो. मावशी आली, मागोमाग प्रीती, माझ्याकडे न बघता. शिरसाटने घाबरतच पुस्तक उघडलं. मावशी म्हणाली, "खेळ. मी बघते."

त्याने गोष्ट लावली. धुकं पडलं. होडीवरचा कोळी बोरिवलीवाला झाला होता. शिरसाट म्हणाला, "फासा टाक. तीन किंवा कमी आलं तर होडी बुडाली."

दोन आले.

"बुडाली," शिरसाट हळूच म्हणाला.

मावशीने समोरची ताटली घेतली, उरलेले पोहे केदारच्या ताटलीत ओतले आणि चमच्याने बडवायला लागली. "हौशी!" ठण्ण. "गंगू!" ठण्ण. "चांगुणा! मथुरा! जानकी! बायजा!" अख्खा हॉल वळून बघायला लागला. प्रीतीनेही ताटली उचलली होती आणि तिचे डोळे भरले होते. शेवटी मावशी म्हणाली, "आणि मी, हिरा!" ठण्ण.

मग तिने शिरसाटला विचारलं, "आली काय होडी आत?"

शिरसाटने केदारकडे बघितलं. केदारने पानं उलटली. "मावशी, नियमात असं नाहीये."

"मग लिव ना!" मावशी म्हणाली, आणि चमचा माझ्याकडे रोखला. "आणि तू गो, ते राखाडी हाय ना तुझं? त्यात घाल. नावांसकट."