यादीत न दिसणारा आवाज

मामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी सुरतच्या पांडेसऱ्यात झेरॉक्सच्या दुकानात उभी होते. मशीन चालू होतं, हातात गरम कागद होते, आणि मामी पलीकडून एवढंच म्हणाली, "बाई, तुझा मामा गेला गं..." त्याला आता पाच आठवडे झाले. देविदासमामा माझ्या आईचे धाकटे भाऊ. वायरलेस दुरुस्तीत त्यांनी उभी हयात घालवली. निवृत्तीनंतर सुरतेभोवतीच्या सचिन, पलसाणा, कामरेज या गावांतल्या कारखान्यांत ते वायफाय का अडतं ते शोधायला जात. मी मात्र पत्रकांच्या घरची. अक्षरओळख झाली तीच वडिलांच्या कामगार संघटनेची पत्रकं घड्या घालताना. आमच्या घरी शत्रू कोण हे आधी ठरलेलं असे, पुरावा मागाहून येई.

पलसाण्याच्या एका कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये संघटनेचं काम बघत असताना हे मला चांगलंच भोवलं. तिथे कापडाचे ताके हातातल्या स्कॅनरने नोंदवतात. दुपारी स्कॅनर बंद पडू लागले. सुपरवायझरने मोबाइलवर आसपासच्या वायफायची यादी काढली, तर तिच्यात ताके उचलणाऱ्या भिकाचं नाव. त्याच्या फोनचा हॉटस्पॉट चालू होता. "जुओ, लिस्टमां भीखानुं ज नाम छे!" असं ओरडून त्याने भिकाला गेटबंद केलं. घरात दोन लहान मुली, आणि माणूस फाटकाबाहेर. माझं डोकं फिरलं. कामगारांचे फोन बंद पाडायला मालकानेच जॅमर बसवला आहे आणि त्यानेच स्कॅनर अडतात, असं पत्रक मी एकटाकी लिहून वाटलंही. जॅमर कुणी पाहिला होता? कुणीच नाही.

गुन्हा पक्का करायला मिलने तपासणीस बोलावला. आले ते नेमके मामा. फाटकाशी मी त्यांच्या हातात पत्रक कोंबलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, घडी करून खिशात ठेवलं आणि आत गेले. मी भिकाची साक्षीदार म्हणून मागोमाग.

त्यांनी आधी स्वतःचा फोन बंद केला, मग स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लॅपटॉपला जोडला. हवेतल्या लहरींचं चित्र पडद्यावर उमटलं. भिकाला बोलावून हॉटस्पॉट चालू करायला लावला. एक सपाट माथ्याची टेकडी उभी राहिली आणि आपल्या जागी थांबली. स्कॅनर चालूच. मग जेवणाची सुट्टी झाली, आणि पडद्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत दातेरी खळबळ उठली. स्कॅनर मेले.

"पण हे लिस्टमध्ये कुठे आहे?" सुपरवायझर म्हणाला.

"साहेब, यादीत नाव सांगणारेच दिसतात. नाव न सांगता गोंधळ घालणारा यादीत कसा येईल?"

हातातला अँटेना फिरवत, जिकडे खळबळ वाढेल तिकडे मामा चालत गेले. भिंतीपलीकडे डबे खायची खोली. तिथले दोन जुने मायक्रोवेव्ह ओव्हन आम्हीच, गार भाकरी खाणार नाही म्हणून, भांडून मिळवले होते. एकाचं दार नीट बसत नव्हतं, फटीतून लहरी बाहेर गळत होत्या. मामांनी त्याचा स्विच बंद केला. पडदा शांत. चालू केला, पुन्हा खळबळ. असं तीनदा.

"अहो, माझं वरण अजून गारच आहे!" डबा गरम करायला ठेवलेल्या कामगार सुशीलामावशी कावल्या.

मी मामांना कोपऱ्यात ओढलं. "ओव्हनचं लिहू नका. ते काढून घेतील. मालकाने लावलेल्या कॅमेऱ्यांमुळे अडतं, असं काहीतरी लिहा ना..."

"तुले काय वाटस, पोरी? भिकावर खोटं घातलं तर पाप, अन् आपण खोटं लिहिलं तर चळवळ?"

त्यांनी सगळ्यांसमोर अहवाल वाचला: दोष ओव्हनचा, भिकाच्या फोनचा नाही, खराब ओव्हन बदला, स्कॅनर लहरींच्या दुसऱ्या पट्ट्यावर न्या, गरम जेवणाची सोय काढण्याचं कारण नाही. सुपरवायझरची सही घेऊनच ते उठले. दुसऱ्या दिवशी भिका आत गेला. मिलने दोन्ही जुने ओव्हन उचलून नेले, नवे यायला मात्र आठ दिवस लागले. ते आठ दिवस सुशीलामावशी गार वरण खात माझ्याशी अबोला धरून होत्या. चूक कबूल करणारं पत्रक मी लिहिलं, ते फाटकावर वाटताना अर्धा गठ्ठा मामांच्या हातात होता. त्या दिवशी मला ते फार कोरडे वाटले. यंत्रासारखेच, कुणाच्याच बाजूचे नसलेले.

गेल्या रविवारी मामीने त्यांच्या खोलीतलं कपाट माझ्यापुढे उघडलं. प्रत्येक कारखान्याची वेगळी फाइल, आत मोजणीचे कागद तारीखवार. पलसाण्याच्या फाइलमध्ये सर्वांत वर माझं ते जॅमरचं पत्रक होतं, खिशातल्या घडीसकट. मागच्या कोऱ्या बाजूवर दुपारच्या सगळ्या नोंदी पेन्सिलीने केलेल्या. आणि त्यांच्याही वर, मोजणी सुरू होण्याआधीची वेळ घालून, एकच ओळ...

"पोरीचं खरं निघालं तर फार बरं होईल."