पुण्यातला मोबाईल, तुमसरची मुदत

नव्या धानाच्या पोत्यांचा वास आला की मला आमच्या शेतकरी संस्थेतली एक दुपार आठवते. धानाच्या नोंदणीची वेबसाइट मी सांभाळायची. नोंदणी नाही तर हमीभाव नाही. प्रत्येक तालुक्याची मुदत वेगळी, म्हणून मी साधा नियम बसवला होता: मोबाईल ज्या तालुक्यात असेल, त्याच तालुक्याच्या मुदतीचा बॅनर दिसेल. त्या दिवशी तुमसर तालुक्याची नोंदणी पाचला बंद होणार होती. चार वाजता त्याच तालुक्यातल्या सिहोऱ्याची एक शेतकरीण सातबारा घेऊन घामाघूम आत आली. "मॅडम, आज शेवटचा दिवस हाय, मंग आमाले काहून नाई सांगितलं?" मी म्हटलं, "आठ दिवसांपासून बॅनर आहे, मावशी." "सारं माह्या पोराच्या मोबाईलवर हाय. तो रोज पाहून राहिला, त्याले काईच नाई दिसलं." "मुलगा कुठे असतो?" "पुण्याले, कंपनीत." पुण्यातल्या मोबाईलवर तुमसरचा बॅनर दिसणारच नव्हता. कितीतरी घरांची खाती अशीच बाहेरगावच्या पोरांच्या मोबाईलवर होती. आधी तिची नोंदणी केली, मग नोंदणी राहिलेल्यांची यादी काढून मी आणि शिपाई फोन लावत सुटलो. कुणी उचलत होतं, कुणी नाही. पाचला नोंदणी बंद झाली तेव्हा अकरा घरं राहिली होती. बाकावरून मावशी म्हणाली, "गाव इचारलं असतं तं पोरानं सांगितलं नसतं काय?" आता वेबसाइट उघडली की ती आधी गाव विचारते आणि त्याच गावाची मुदत दाखवते. त्या अकरा घरांचं धान मात्र त्या वर्षी पडेल त्या भावात व्यापाऱ्याकडे गेलं.