दाजींनी दाखवलेला समुद्र

आमच्या दाजींनी कोकणात किती चकरा मारल्या, ते त्यांनाही सांगता येणार नाही. देवळाली प्रवऱ्यातून गाडी काढायची, राहुरी-श्रीरामपूरची पार्टी भरायची आणि नगर, पुणे करत ताम्हिणी घाट उतरून थेट दिवेआगर. पार्टी म्हणजे गिऱ्हाईक. चार माणसांचं कुटुंब असलं तरी ड्रायव्हर लोक त्याला पार्टीच म्हणतात. अठरा वर्षं हेच. कुठल्या वळणावरून दरी चांगली दिसते, कुठल्या घरी सोलकढी मागून घ्यावी, कुठल्या वाळूत गाडी रुतते, सगळं तोंडपाठ. पण स्वतः समुद्रात पाय घातला का म्हणाल, तर नाव नको. ड्रायव्हरनं गाडी सोडायची नाही, हा त्यांचा नेम. पार्टी पाण्यात आणि दाजी गाडीपाशी.

प्रभुदास त्यांचं नाव. माझी थोरली बहीण मरिया त्यांना दिलेली. मी क्रिस्टीना, झेडपीच्या शाळेत मास्तरीण, आणि फटकळ म्हणून गावभर बदनाम.

आता आमची तऱ्हा बघा. आम्ही ख्रिस्ती माणसं, आमचा मोठा सण नाताळ, आणि सगळ्या जगाला कोकणात जायची हुक्की येते तीही नेमकी नाताळातच. पंचवीस तारखेला आमची अख्खी वस्ती नवे कपडे घालून चर्चला निघायची, आणि दाजी श्रीवर्धनला गाड्यांच्या रांगेत. मरिया करंज्यांचा डबा भरून त्यांच्या गाडीत ठेवायची. ते परत आले की गाडीतल्या पायपुसण्या झटकायची, त्यातून मूठभर वाळू पडायची. कुरकुर कधी केली नाही तिनं. एवढंच म्हणायची, “एकदा मला बी न्या की. आपन दोघं जरा वेळ पान्यात उभं राहू. लई काय नको.”

दाजी म्हणायचे, सीझन संपू दे. दर साली सीझन संपायचा आणि दर साली लग्नसराई लागायची. मी तोंडावर बोलायची, पण पालथ्या घड्यावर पाणी.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत एकदाचा योग आला. मरिया म्हणाली, तूही चल, म्हणून मीही निघाले. दाजींनी आदल्या दिवशी गाडी धुतली, सीटला नवी कव्हरं घातली. मरिया आपली पुढं त्यांच्याशेजारी बसायला गेली, तर यांनी मागचं दार उघडलं. म्हणे, पुढं ऊन लागतं, मागं ऐसपैस बस. ती बिचारी मागं येऊन माझ्याजवळ बसली.

ताम्हिणीत थंडीतलं उबदार ऊन होतं. एका वाडीजवळ भातखाचरांत पेंढ्याच्या उडव्या रचलेल्या, बाया उन्हात बसून काहीतरी निवडत होत्या. मरिया म्हणाली, इथं थांबू. दाजी म्हणाले, इथं काय नाही बघायला, पॉइंट पुढं आहे. मग पॉइंट आला. गाडी थांबवून त्यांनी दार उघडून धरलं आणि सांगितलं, दहा मिनिटं. आम्हा दोघींना वाटलं, चेष्टा करतायत. चेष्टा नव्हती ती. त्या माणसाला सहल दुसऱ्या कुठल्या तऱ्हेनं करता येते, हेच ठाऊक नव्हतं.

चारच्या सुमाराला दिवेआगरला पोचलो. सुरूच्या झाडांखाली गाडी लावली, अर्धा तास आहे म्हणून सांगितलं, आणि फडकं घेऊन काच पुसायला लागले. आम्ही चपला हातात घेऊन वाळूतून निघालो. मी तर काय, समुद्र दिसल्यावर वय विसरले आणि साडीसकट गुडघाभर पाण्यात गेले. मरिया मात्र ओली वाळू जिथं सुरू होते, तिथंच थांबली. मी हाका मारल्या. तिनं मान हलवली आणि माघारी गाडीकडं चालू लागली.

ती अर्ध्या वाटेवर असताना दाजींनी तिला पाहिलं. दोन्ही हातांचे पंजे दोनदा उघडून दाखवले आणि हातानंच, जा, जा, अशी खूण केली. मरिया जराशी उभी राहिली, मग परत आली. मी विचारलं, काय गं?

“त्यांना वाटलं, मी टाइम इचारायला आले. अजून वीस मिनिटं हायेत म्हनत्यात.”

मी म्हटलं, मग जा आणि ओढून आण त्यांना. तर म्हणाली, “जाऊ दे. तिथं बाकीचे डायवर उभे हायेत.” आणि हसली. उरलेली वीस मिनिटं ती कोरड्या वाळूत उभी राहिली. पुढं काही गेली नाही.

मी फटकळ ना? मग त्या दिवशी माझी जीभ कुठं गेली होती? चार पावलं चालून त्यांच्या हातातलं फडकं ओढून घेतलं असतं, तर काम झालं असतं. पण मला माझ्या ओल्या साडीची पडली होती. गाडीत बसल्यावर दाजींनी विचारलं, समुद्र कसा वाटला? मरिया म्हणाली, चांगला आहे. दाजी खूश. दुसऱ्या दिवशी त्यांनी आणखी पाच पॉइंट दाखवले आणि आम्ही घरी आलो.

त्याच वर्षी सप्टेंबरात मरिया गेली. सकाळी छातीत दुखतंय म्हणाली आणि दुपारी नव्हती. माती दिल्यावर माणसं भेटायला येत होती. दाजी प्रत्येकाला एकच सांगायचे: “एक बरं झालं. तिला समुद्र दाखवला. लेकरावानी खेळली पान्यात.” त्यांना खरंच तसं वाटत होतं. लांबून पाण्यात कोण होतं, ते त्यांनी नीट बघितलंच नव्हतं.

दोन दिवस मी ऐकून घेतलं. तिसऱ्या दिवशी पाळकसाहेब प्रार्थना करून गेले आणि दाजींनी पुन्हा तेच सुरू केलं. माझं डोकं फिरलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“पाण्यात मी खेळले, दाजी. तिचा पायसुद्धा ओला झाला नाही. तुमच्यासंगं उभं राहायचं होतं तिला. बोलवायला आली होती, तर तुम्ही तिला वीस मिनिटं दाखवलीत.”

दाजींनी हातातला चहाचा कप खाली ठेवला. म्हणाले, “पार्टी माघारी आली की टाइमच इचारती गं.”

काय मिळवलं मी? बहीण मातीत, तिला या खऱ्याचा काही उपयोग नव्हता. नंतर मी माफी मागितली. ते म्हणाले, तू खरं तेच बोललीस. त्यांनी मला चार शिव्या घातल्या असत्या, तर बरं वाटलं असतं. आता ते कोकणची पार्टी घेत नाहीत. शिर्डीचं विमानतळ ते मंदिर आणि मंदिर ते विमानतळ, एवढंच करतात.

गेल्या रविवारी चर्चबाहेर पुण्याच्या एक पाहुण्या बाई भेटल्या. मरिया गेल्याचं त्यांना माहीत नव्हतं. दाजींनी सांगितलं. बाई हळहळल्या, म्हणाल्या, फार लवकर गेली. दाजी म्हणाले, “व्हय. समुद्र बघायचा राहिला तिचा.”

मी शेजारीच उभी होते. मरियानं हे नवऱ्याला शेवटपर्यंत कळू दिलं नव्हतं, आणि मी तिसऱ्या दिवशी सांगून मोकळी झाले.