गाडीचा पोळा

मुलांनो,

तुम्ही पाठवलेला फोटो मिळाला. जुन्या मोटारींच्या प्रदर्शनात तुम्ही दोघं एका उघड्या गाडीला टेकून उभे आहात आणि मागे लिहिलंय, "आजी, तुझ्याकडे अशी होती का?" होती. मी भिंग लावून पाहिलं. दिवे तसेच, पायरी तशीच. फक्त तुमची फार चकचकीत आहे. आमची इतकी कधीच नव्हती. तिची एक हकीकत ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे, म्हणून ती आजच लिहून ठेवते.

माझे वडील जालन्यात वकील होते. तेव्हा आपला भाग निजामाच्या राज्यात. कचेरीत उर्दू, घरात मराठी आणि मला शाळेत इंग्रजी. बदली होऊन निघालेल्या एका साहेबाकडून वडिलांनी ही गाडी घेतली. रंग गडद हिरवा, टप कापडी, दाराबाहेर रबरी फुग्याचा भोंगा. पुढच्या उभ्या जाळीत इंजिन थंड ठेवणारं पाणी असे आणि ते ओतायच्या तोंडाला वर मधोमध एक पितळी टोपण होतं. गाडी आली तशी घरची दमणी, म्हणजे बसायची बैलगाडी, मोडीत निघाली आणि तिचे बैल तीर्थपुरीच्या शेतावर गेले. गाडी चालवायला जे ड्रायव्हर ठेवले, त्यांना आम्ही चाचा म्हणायचो. रोज सकाळी ते घागरीनं पाणी भरत आणि म्हणत, "पहले इसको पिलाना, फिर खुद चा पीना."

बैल गेल्यावर पहिला पोळा आला. माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, सकाळपासून कुरकुरत होती. "दारात बैल न्हाई, पोळा कुणाचा करायचा?" मग तिनंच तोड काढली. "ही बी राबतीच की. हिचाच करू."

दिव्यांना माळा, चाकांना गेरूचे ठिपके, टोपणाला हळदकुंकू. चाचा हसून म्हणाले, "अम्मा, सींग कां से लाऊं?"

"भोंगा हाय की!"

आजीनं गाडीला ओवाळलं, पुरणपोळीचं ताट तिच्यापुढे धरलं आणि परत नेऊन गड्याला वाढलं.

मी नऊ वर्षांची होते. दर पोळ्याला बैलांना मी स्वतः घास भरवत असे. नुसतं दाखवून ताट परत न्यायचं, हे मला काही पटलं नाही. सगळे जेवायला बसल्यावर मी पुढच्या चाकाच्या पत्र्यावर चढले, टोपण फिरवून काढलं आणि तुपातली पोळी तुकडे करून आत सोडली.

दुसऱ्या दिवशी वडिलांचा मंठ्याला मुकदमा होता. गाव दोन कोस राहिलं असताना गाडीनं वाफ सोडली आणि ती थांबली. वडील कोट हातावर टाकून चिखलातून चालत गेले. पोचेपर्यंत पुकारा होऊन मुकदमा खारीज झाला होता. इकडे चाचांनी खालची नळी सोडवली, विहिरीचं पाणी घालघालून गाडी कशीबशी चालती केली आणि दिवेलागणीला दोघं घरी आले.

वडिलांनी ओसरीवरच विचारलं, "सकाळी पाणी भरलं होतं?"

"भऱ्या था साब, बराबर."

"मग नळी कशानं तुंबली?"

"कचरा था, साब."

"साफसफाई कोणाकडे आहे?"

"मेरेकूच."

"उद्यापासून येऊ नका."

चाचांनी किल्ली कट्ट्यावर ठेवली. त्यांना तीन मुली होत्या, थोरलीचं लग्न ठरलेलं होतं. गावात मोटारी इतक्या थोड्या की दुसरी नोकरी मिळणं कठीण. एवढं मलाही कळत होतं. मी खांबाआडून पुढे आले.

"मी घातली."

"काय?"

"पुरणपोळी."

"किती?"

"दीड."

वडील माझ्याकडे पाहत राहिले. "अर्धी का ठेवलीस?"

"मावली न्हाई."

वडील चाचांकडे वळले. "तुम्हाला ठाऊक होतं?"

"दाल हात में आयी, साब. घी का बास आया. मैं समझा अम्मा डाले. त्योहार का दिन, अम्मा का नाम कैसा लेता?"

"मी कशाला घालू? मला का येड लागलंय?" आजी ताडकन बोलली. मग आवाज उतरला. "आन् तुम्ही माझ्यापायी नोकरी घालवीत होता व्हय?"

वडिलांनी किल्ली उचलून त्यांच्या हातात दिली. "सकाळी या. आणि हिला हाताशी घ्या."

दोन दिवस मी आणि चाचा धुण्याच्या सोड्याचं पाणी त्या जाळीतून काढत होतो. डाळीचा कण निघाला की ते तळहातावर घेऊन मला दाखवत. "देखो बेटी, इसको मीठा पसंद नइं." वडिलांनी अर्ज करून मुकदमा पुन्हा उभा केला. कारण म्हणून एवढंच लिहिलं, की गाडी नादुरुस्त होती.

चाचा शेवटपर्यंत आमच्याकडेच राहिले. पुढे लढाईत पेट्रोल कूपनावर आलं, टायर तर मिळेनासेच झाले. गाडी अंगणात उभी राहिली आणि संस्थान जायच्या आधीच भंगारात गेली. भंगारवाला दोर बांधत असताना चाचांनी टोपण फिरवून काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

ते माझ्या लिहिण्याच्या टेबलावर आहे. पितळ काळवंडलंय, आटे झिजलेत. गाडीचं एवढंच उरलं आहे.