एक वाजताची प्रत

गोव्यात पेडण्याच्या बाजारात, बसस्थानकापासून दोन मिनिटांवर, टायपिंग आणि झेरॉक्सचं एक दुकान आहे. आत दोन संगणक. त्यातल्या मोठ्याचा माऊस खिडकीशेजारच्या खिळ्याला शेपटीने टांगलेला असतो. दुकान चालवणाऱ्या बाईला सगळा बाजार वयनी म्हणतो. एखाद्याच्या पासपोर्ट फोटोची कड कापायची असेल तेवढ्यापुरता ती तो माऊस खाली काढते, काम झालं की परत टांगते. बाकी सगळं ती किबोर्डवर करते. त्या किबोर्डावरची अक्षरं केव्हाच पुसली गेली आहेत, आणि नवीन घेण्याची गरज तिला कधी वाटलेली नाही, कारण तिकडे बघतं कोण?

मी तिच्याकडे पहिल्यांदा गेले ती मनात अढी घेऊन. मी पत्रकांच्या घरात वाढले. डिचोलीच्या छापखान्यातून बाबा गठ्ठे घेऊन येत, खाणीच्या ट्रकांची धूळ, गावच्या शाळेतला रिकामा वर्ग, डोंगर कापणारं यंत्र, असा प्रत्येकावर एक कागद. शाळेत जायच्या आधी आम्ही भावंडं ते कागद घडी घालून ठेवायचो. त्यामुळे मला लहानपणापासून वाटत आलं की ज्या कामात घाम दिसत नाही ते काम खरं नाही. झटपट म्हणजे लबाडी. फोनवर आलेला निषेध पुढे ढकलणारे लोक मला लढणारे वाटतच नसत.

त्यात एक जुना सलही होता. मी कॉलेजात असताना आमच्या लोकांनी एका प्रकल्पाविरुद्ध हरकती दिल्या होत्या. मजकूर एकच, झेरॉक्स काढलेला, खाली सही तेवढी वेगळी. कचेरीत त्या सगळ्या मिळून एक हरकत धरली गेली. दोनशे माणसं, एक आवक क्रमांक. बाबांनी त्यानंतर बरेच दिवस पत्रक काढलं नाही.

म्हणून आमच्या गावचा डोंगर निवासी विभागात घालायची जाहीर सूचना लागली तेव्हा मी ठरवलं, या वेळी प्रत्येकाची हरकत त्याच्या स्वतःच्या शब्दांत जाणार. आमचा गाव पार्से आणि कोरगावच्या मधल्या अंगाला. डोंगरावर काजू, आणि पायथ्याशी एक झर, जिच्यावर खालची सगळी कुळागरं, सुपारी-नारळाच्या बागा, जगतात. ऐंशी घरं हरकत घ्यायला तयार झाली. मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत होती. लोकांना तयार करण्यातच माझे दिवस गेले, आणि मी वयनीच्या दारात उभी राहिले तेव्हा मंगळवार उजाडला होता.

तिने माझं सगळं भाषण ऐकून घेतलं. मग विचारलं, ऐंशीही अर्जांत सारखं काय असणार? मी म्हणाले, काहीच नाही, प्रत्येक अर्ज वेगळा. ती म्हणाली, कचेरीचं नाव सारखं, विषय सारखा, सूचनेचा क्रमांक सारखा, शेवटचं आपला नम्र सारखं. ते ऐंशी वेळा लिहून कोणता मोठा न्याय होणार आहे?

तिने दोन अक्षरं टाईप करून स्पेस दाबली आणि कचेरीचा आख्खा पत्ता पडद्यावर उमटला. आणखी दोन अक्षरं, की विषय आला. अशा दहाबारा खुणा तिने अर्ध्या तासात संगणकाला शिकवून ठेवल्या. मग पहिल्या माणसाला समोर बसवलं आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत म्हणाली, सांग.

तिचं काम मी चार दिवस पाहिलं, आणि अजून मला ते पुरतं सांगता येत नाही. माणूस आमच्या बोलीत बोलायचा आणि तिच्या बोटांखालून साधं स्वच्छ मराठी निघायचं. ती पडद्याकडे बघत नसे. कंट्रोल धरून बाणाची कळ दाबली की कर्सर शब्दाशब्दाने उड्या मारत मागे जायचा. शिफ्टही धरला की चुकलेले शब्द निळे व्हायचे आणि त्यांवरच नवे लिहिले जायचे. होम दाबलं की ओळीच्या सुरुवातीला, एंड दाबलं की शेवटाला. कागदावर खोडाखोड करताना माणूस ओशाळतो, बोलणं आवरतं घेतो. इथे लोक निवांत आठवून बोलत. कोणी मध्येच म्हणे, तसं नको, हे असं घाल. ती घाले. वाचलेला वेळ ती त्या माणसाला देत होती हे मला बुधवारी दुपारपर्यंत कळलं, आणि माझ्या घामाच्या तत्त्वज्ञानाला पहिला तडा गेला.

शेवटच्या घरातली एक म्हातारी आली. काजूच्या मोसमात अजून डोंगर चढणारी. सूचना, विभाग, आराखडा यातलं तिला काही नको होतं. ती म्हणाली, "झर माका माज्या सासून दाखवल्यान. सुनेक मी दाखयलंय. थंय गेट बसलो तर नातीक काय दाखवू?"

वयनीची बोटं थांबली नाहीत. पण ते वाक्य झाल्यावर ती विषय आणि क्रमांकाकडे वळली नाही, तिने म्हातारीला विचारलं, आणि तुझ्या सासूला कोणी दाखवली होती?

दुसऱ्या संगणकावर मला बसवलं होतं. वयनीने लिहिलेल्या अर्जांत मी सर्व्हे क्रमांक, घर क्रमांक आणि फोन भरायचे, जमिनीचा एक-चौदाचा उतारा शेजारी ठेवून. मी सारखी माऊसकडे हात न्यायचे. ती मान न वळवता म्हणायची, "आदी त्या उंदराक सोड गो. नायतर दीसभर तेच्या फाटसून धावशी." मी कंट्रोल एस शिकले, आल्ट धरून टॅब दाबत एका फाईलीतून दुसरीत जायला शिकले, शोधायला कंट्रोल एफ आणि बदलायला कंट्रोल एच. झटपटची चटक मला फार लवकर लागली हे कबूल करते.

एका गोष्टीवरून मात्र आमचं वाजलं. तयार अर्ज रोजच्या रोज छापून सह्या घ्याव्यात असं तिचं म्हणणं. माझा हट्ट, सगळ्यांनी शुक्रवारी चारच्या बसने यावं, एकदम सह्या कराव्यात आणि एकत्र चालत कचेरीत जावं. पत्रकवाल्यांच्या घरात मिरवणुकीशिवाय काही पुरं होत नाही. तिने खांदे उडवले. सगळे अर्ज एकाच लांबलचक फाईलीत राहिले.

शुक्रवारी एक वाजता एकाहत्तर अर्ज झाले होते. नऊ बाकी. वयनी उठली आणि किल्ली शोधू लागली.

बाजारातली सगळी दुकानं एक ते साडेतीन बंद असतात हे मला काय माहीत नव्हतं? पण मुदतीच्या दिवशीही? मी बऱ्याच चढ्या आवाजात बोलले. गाव तुमच्यावर विसंबून आहे, डोंगर जाईल, असलं सगळं. तिने ऐकता ऐकता एफ बारा दाबलं, फाईलीला दुसरं नाव देऊन ती बंद केली, पडदाही बंद केला.

"मी बेगीन काम करतंय ती दुपारी आड पडाक," ती म्हणाली. "आनी चार कामां वडूक न्हय."

एवढंच. बेगीन म्हणजे झटपट, आणि ते सगळं दुपारच्या झोपेसाठी. उरलेल्या नऊजणांनी आपलं म्हणणं सकाळीच कागदावर लिहून ठेवलं होतं. मी म्हणाले मी बसते, ते मी टाईप करते. तिने किल्ली माझ्या हातात ठेवली, जेवून घे म्हणाली, आणि गेली.

पावणेतीनपर्यंत मी नऊही अर्ज संपवले. हळू, पण संपवले, आणि मोठ्या फाईलीला जोडले. तेवढ्यात त्या नऊजणांतल्या एका आजोबांचा फोन आला. त्यांच्या उताऱ्यावर पोटविभाग तीन आहे, त्यांनी घाईत आठ लिहून दिला होता. त्यांच्या अर्जात तो आठ पाच ठिकाणी होता. मी कंट्रोल एच दाबलं, वर आठ, खाली तीन, आणि सगळे बदला. संगणकाने सांगितलं, तीनशे छत्तीस बदल केले. एका आजोबांच्या अर्जात तीनशे छत्तीस आठ कुठून येतील असं मला वाटायला हवं होतं. मला अभिमान वाटला. कंट्रोल एस दाबलं, फाईल बंद केली आणि पाववाल्या पोदेराकडून सकाळी आणलेला उंडा घेऊन बसले.

मग छापायला फाईल उघडली. पहिल्याच पानावर सरपंचांच्या चुलतीचा फोन नंबर तीनांनी भरलेला. दुसऱ्या पानावर सर्व्हे क्रमांक अठ्ठावीसचा तेवीस. मी कंट्रोल झेड दाबलं. काही झालं नाही, फाईल बंद करून उघडल्यावर मागे जायची वाट राहत नाही. घाबरून मी उलटा बदल केला, तीनांचे आठ. आता ज्यांचे मुळात तीन होते त्यांचेही आठ झाले. चुकीच्या सर्व्हे क्रमांकाची हरकत म्हणजे दुसऱ्याच्याच जमिनीबद्दलची हरकत, ती कचेरीत पहिल्याच नजरेत बाजूला पडणार. ऐंशी घरांपैकी कितीजणांची पानं आता बरोबर होती हे मला सांगता येत नव्हतं. वयनीला फोन लावला. दुपारी ती फोन बंद ठेवते.

उतारे काढून मी एकेक आकडा तपासू लागले. साडेतीनला ती परत आली तेव्हा माझी सहा पानं झाली होती.

मी काय केलं ते सांगितलं. सांगताना रडले, तेही लिहून टाकते. ती रागावली नाही. "ह्याका काय कळता? तू सांगलंस, तेणी केल्यान," ती म्हणाली. मग खुर्चीत बसली, केस वर बांधले. "एक वाजताची प्रत आसा मगे."

जेवायला जाताना ती रोज त्या दिवसाचं काम वेगळ्या नावाने जपून ठेवते, आज ठेवलं होतं तसंच. आपण उठलो की मागे काय होईल सांगता येत नाही, वीज जाते, कुणी हात लावतो, म्हणून. मी ज्या झोपेवर चिडले होते तिच्याच आधीचं ते शेवटचं काम होतं. एकाहत्तर अर्ज तिथे जसेच्या तसे होते. राहिले माझे नऊ.

तिने दोन्ही फाईली उघडल्या. मी बिघडवलेल्या फाईलीत खालचा मजकूर निवडला, कंट्रोल सी, आल्ट टॅब, कंट्रोल एंडने थेट शेवटाला, कंट्रोल व्ही. हे वाचायला जितका वेळ लागतो त्याहून कमी वेळात. मग ती पडद्यावर आणि मी उताऱ्यांवर नि त्या नऊजणांच्या कागदांवर. ती म्हणायची, "सांग," मी आकडा वाचायचे, ती दाबायची आणि तो आकडा परत मोठ्याने म्हणायची. नऊ अर्जांना वीस मिनिटं लागली. त्या चार दिवसांत ती सावकाश झाली ती तेवढीच. घाई कुठे करायची नाही हे तिच्या हातांना माहीत होतं.

चारच्या बसने लोक उतरले तेव्हा प्रिंटर चालू झाला होता. दुकानाबाहेर, समोरच्या चहावाल्याच्या बाकांवर, कुणाच्या पाठीवर कागद ठेवून सह्या झाल्या. झरीवरच्या म्हातारीला अंगठा लावायचा होता. त्याआधी ती म्हणाली वाचून दाखव. मी वाचलं. सासू, सून, नात, आणि सासूलाही तिच्या सासूनेच दाखवली होती ते वाक्य. तिने मान हलवली.

"हां. ह्या मीच सांगल्लंय."

मग तिने अंगठा लावला.

कचेरीत आम्ही पाचला सतरा मिनिटं असताना पोचलो. मिरवणूक वगैरे काही झाली नाही, सगळे भरभर चालत होतो. खिडकीतल्या कारकुनाने गठ्ठा बघून विचारलं, सगळे सारखेच ना? मी म्हणाले, कुठलाही एक उघडून बघा. त्याने एक उघडला, मग मधला एक उघडला. दुसरा जरा जास्त वेळ वाचला. मग शाईचा डबा जवळ ओढला आणि प्रत्येक अर्जावर वेगळा शिक्का मारून वेगळा आवक क्रमांक घालायला लागला. पाच वाजून गेले तरी तो थांबला नाही, कारण आम्ही वेळेत आत होतो. ऐंशी अर्ज, ऐंशी क्रमांक. म्हातारीने आपली पोच हातात घेऊन तिचा आकडा कोणता ते मला दोनदा विचारलं आणि कागद पानाच्या पिशवीत ठेवला.

डोंगराचा निकाल अजून लागायचा आहे. सुनावणीला प्रत्येकाला वेगळं बोलावणं येईल एवढं त्या क्रमांकांमुळे पक्कं झालं.

परत वयनीकडे गेले तेव्हा ती मोरजीतल्या एका गेस्ट हाऊसच्या परदेशी पाहुण्यांचे फॉर्म भरत होती, माऊस खिळ्याला. मी तिला सांगितलं की तिच्यावर लिहिणार आहे. बाबांच्या पत्रकात नेहमी भांडण असतं, या वेळी मला कौतुक लिहायचंय. तिची बोटं चालूच होती.

"बरय," ती म्हणाली. "पूण नाव घालू नको. नायतर लोक एक ते साडेतीन येवन दार वाजयतले."