बागेतली घसरगुंडी आणि पाड्याचा नळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. ह्यांना नाही, माझ्या मुलीला — कुसुमला — तर नाहीच. तुम्हालाच का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल. ओळखीच्या माणसांसमोर माझी जीभ रेटत नाही.

देश स्वतंत्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. ठाण्यात खाडीच्या अंगाला आमची नवी वसाहत उभी राहिली — कोकणातून, देशावरून नोकरीसाठी आलेल्या आमच्यासारख्यांची. शेजारी मिठागरात राबणाऱ्यांचा जुना पाडा. मध्ये एक बाग. बाग म्हणजे काय, चार क्रोटनं, दोन बाकं आणि मागे एक मोकळा तुकडा. त्यावर पाड्यातल्या बायका जवळा वाळत घालायच्या. आमची मुलं खेळायची ती थेट आग्रा रोडवर. एकदा कुसुम ट्रकखाली येता येता वाचली. त्या दिवशी मी कंबर कसली, की त्या तुकड्यावर मुलांसाठी मैदान करून घ्यायचंच. महिला मंडळाची चिटणीस होते ना मी! कुसुमचं निमित्त मी चारचौघांत पुढे करत असे, आणि ते खोटं नव्हतं. पण आपलं नाव व्हावं, हेही मनात होतं. कोणतं जास्त होतं? विचारू नका.

वॉर्ड कमिटीने सांगितलं, यंदा तुमच्या भागात एकच काम निघेल. पाडा गेली कितीतरी वर्षं नळ मागत होता, आम्ही मैदान मागत होतो. आणि तो तुकडा पाड्याच्या वापरातला, तेव्हा त्यांची संमती हवी.

मी पाड्यात गेले. हिराबाई म्हणून एक वयस्क बाई होती, तिचा शब्द तिथे चालायचा. तिने मला पाटावर बसवलं, सगळं नीट ऐकून घेतलं आणि हसून म्हणाली, “पोरांना खेलाला आख्खं मीठागर हाय, बाय. आमाला पियाचं पानी पायजे.” त्यांची विहीर मचूळ, उन्हाळ्यात तळाला जाणारी. बायका हंडे घेऊन रेल्वेच्या रुळांपलीकडे जायच्या.

यात चुकीचं काय होतं? काहीच नव्हतं. म्हणूनच मला राग आला.

चार दिवसांनी मी पुन्हा गेले. म्हटलं, तुमच्या नळाचा अर्ज लिहून आणलाय. आणि वाचून दाखवला — म्हणजे कागदावर नव्हतं ते वाचलं. कागद मैदानाचा होता. एकेक बाई पुढे आली, मी शाई लावली, अंगठे घेतले. हिराबाईने जाताना मला सुकटीची पुरचुंडी दिली. मी सुकट खात नाही. तरी घेतली.

मग चौकशीला साहेब येणार असं कळलं आणि माझी झोप उडाली. त्याने एका बाईला जरी विचारलं, हा अर्ज कशाचा — तर? आमटीत दोनदा मीठ पडलं. ह्यांनी विचारलं, बरं नाही का? मी म्हटलं, डोकं दुखतंय. दारात सायकलची घंटा वाजली तरी मी खिडकीआडून डोकावून बघायची.

साहेब आला. घाईत होता. बायका ओळीने उभ्या, मी बाजूला. त्याने कागद उंच धरून विचारलं, “मजकूर कबूल आहे ना?” हिराबाई माझ्याकडे बघून म्हणाली, “बायनी वाचून दाखवलाय. शिकलेली बाय हाय ती, खोटं कशाला बोलंल?” साहेबाने सही केली.

काम निघालं. बैलगाडीतून लोखंडी पाइप आले — झोपाळ्यांसाठी. पण पाड्याला वाटलं, नळाचे आले! बायका धावत बाहेर आल्या, पाइपांना हळदकुंकू लावलं, हिराबाईने नारळ फोडला आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला. मी तो खाल्ला. तुम्ही काय केलं असतं? — नाही, हा प्रश्न मागे घेते. मी खाल्ला, एवढंच.

पाइप जमिनीखाली न जाता उभे राहू लागले, तेव्हा तिने भाबडेपणाने विचारलं, “बाय, नल आसं वरती लावतान?” मी म्हटलं, आधी मुलांचं, मग पाण्याचं. ती “बरं” म्हणाली. पुढे कुसुम त्या घसरगुंडीवरून दिवसातून पन्नास वेळा घसरायची, आणि मी बागेचा रस्ता टाळून बाजाराला जायची.

इथवरचं मी मनाशी तरी कबूल करत आले आहे. पण मी तुम्हाला अजून सगळं सांगितलेलं नाही.

मैदानाच्या यशावर मला कमिटीत घेतलं. पुढच्या वर्षी पाड्यातल्या माणसांनी स्वतः येऊन नळ मागितला. अध्यक्षांनी जुना कागद काढला आणि एक ओळ वाचून दाखवली: ‘आमच्या विहिरीचे पाणी आम्हांस पुरेसे असून नळाची तूर्त निकड नाही.’ म्हणाले, ह्यांनीच अंगठे दिलेत, आणि आता हेच उलटतात. दोघे-तिघे हसले.

ती ओळ माझी होती. मला कोणी लिहायला सांगितली नव्हती. मैदानाचा अर्ज पक्का व्हावा म्हणून मीच, माझ्या वळणदार अक्षरात, माझ्या अकलेने घातली होती. ‘हे मी लिहिलं’ — एवढे तीनच शब्द त्या सभेत बोलायचे होते. पाड्यातली माणसं दाराशी उभी होती. मी पदर सारखा केला आणि खाली बघत बसले. नळ पुढे ढकलला गेला.

त्या उन्हाळ्यात पाड्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. डॉक्टरांनी विहिरीचं पाणी बघून मान हलवली. हिराबाईची नात गेली — चार वर्षांची, कुसुमहून थोडी लहान.

मी भेटायला गेले. जाणं भाग होतं, नाहीतर लोक काय म्हणाले असते? हिराबाई भिंतीला टेकून बसली होती. सुनेने रीतीप्रमाणे पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला, मी तो हातात घेतला. तेवढ्यात हिराबाईने घाईघाईने हात आडवा घातला.

“नको. तुमी नका पिऊ, बाय. तुमाला बाधंल.”

मी तांब्या खाली ठेवला.