जोशी सरांच्या मॅटाडोरचं इंजिन

डिपस्टिक बाहेर काढली आणि काम किती मोठं आहे ते कळलं. ऑइल काळं असायला हवं, ते दुधाच्या चहासारखं झालं होतं. म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी ऑइलमध्ये उतरलं होतं. आणखी चार किलोमीटर गाडी चालवली असती, तर इंजिन जाम झालं असतं.

"सर, आता स्टार्टर मारू नका. दोर बांधून टोचन करून न्यावी लागेल," मी म्हटलं.

दिवेआगरच्या अलीकडे, रस्त्याच्या कडेला गाडी उभी होती. गाडी जोशी सरांची, जवळजवळ चाळीस वर्षांची मॅटाडोर. सर आणि बाई दोघंही निवृत्त शिक्षक. तरुणपणी त्यांनी गाडीत मागे पलंग, भांड्यांचं कपाट आणि शेगडीसाठी ओटा करून घेतला होता. दर मे महिन्यात दोघं तिच्यातून हिंडायची. हल्ली लोक कॅम्पर व्हॅन म्हणतात, तसलं ते वाहन. म्हसळ्याच्या माझ्या गॅरेजला तिची सर्व्हिसिंग बारा वर्षं होती.

बाई पुढच्या सीटवर बसलेल्या. खाली उतरायला तयार नव्हत्या.

"अहो, घरी कधी जायचं आपण?" त्या सरांना सारखं विचारत होत्या.

"निघालोच," सर म्हणायचे.

सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते मला तोवर माहीत नव्हतं. बाईंना दोन वर्षांपासून विसरायला होतं. दिवस बरा जातो. संध्याकाळ झाली की राहतं घर परकं वाटतं, आणि 'मला घरी न्या' म्हणून दाराशी जाऊन उभ्या राहतात. मग सर त्यांना मॅटाडोरमध्ये बसवतात, तासभर फिरवतात आणि त्याच घरी परत आणतात. "आलं घर," म्हटलं की बाई शांतपणे आत जातात. हे रोजचं.

"दुसऱ्या गाडीतून नाही नेता येत?" मी विचारलं.

"मुलाची कार आणून पाहिली. लोकांच्या गाडीत कशी बसू, म्हणते."

गॅरेजला आणून हेड खोललं. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण. वाटलं होतं हेडखालचं पॅकिंग, गॅस्केट, गेलं असेल, पण ब्लॉकलाच चीर होती. ब्लॉक म्हणजे इंजिनाचं मूळ धड. दोन मार्ग होते. पनवेलला बिडाची चीर टाचून देणारा एक जुना कारागीर आहे, त्याच्याकडे पाठवायचा. महिना तरी लागणार, वर गॅरंटी नाही. किंवा नंतरच्या मॉडेलचं सेकंडहँड इंजिन बसवायचं. पाच दिवसांत गाडी रस्त्यावर.

सर विचार करून सांगतो म्हणाले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाई एकट्याच घराबाहेर पडल्या. दोन तासांनी किनाऱ्यावरच्या सुरूच्या बनात सापडल्या. अनवाणी, पायात काटे भरलेले. सकाळी सरांचा फोन आला.

"नजीरभाई, लवकर होईल ते करा." आणि मग, "आवाज तसाच राहील ना हो?"

मी हसलो. "सर, आवाज याहून चांगला येईल. धडधड अजिबात नाही."

"बरं," म्हणून सरांनी फोन ठेवला. मी विचारलं नाही की असं का विचारता.

शुक्रवारीसुद्धा गॅरेज उघडं ठेवलं, फक्त नमाजपुरता गेलो. इंजिन ज्यावर बसतं ते माउंटिंग बदललं, पाइप नवे टाकले. पाचव्या दिवशी गाडी स्वतः चालवत दिवेआगरला नेऊन दिली. सर हात जोडून म्हणाले, "काम चोख केलंत." मी खुशीत परत आलो.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. आवाज अगदी हळू.

"तुमची चूक नाही काही. पण ती गाडीत बसत नाहीये."

त्याच संध्याकाळी गेलो. मॅटाडोरचं इंजिन दोन पुढच्या सीटच्या मधोमध, एका कव्हरखाली असतं. सरांनी इंजिन चालू केलं, बाईंना हात धरून सीटवर बसवलं. बाईंनी डावीकडच्या सीटवरून सवयीने उजवा हात त्या कव्हरवर ठेवला. मिनिटभर तसाच ठेवला. मग काढून घेतला.

"ही आपली नाही," त्या म्हणाल्या. "उतरवा मला. ज्यांची आहे ते रागावतील."

गाडीच्या खिडक्यांचे पडदे त्यांनीच शिवलेले होते. त्यांच्याकडे बाईंनी पाहिलंही नाही. तेवढी वर्षं त्या हाताखाली जी धडधड होती, ती मी काढून टाकली होती.

मी आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनाचा वेग, खाली-वर करून पाहिलं. रबर माउंटिंग काढून कडक पट्ट्या लावल्या, म्हणजे हादरे वाढतील. दोन संध्याकाळ हेच केलं. बाईंना फसवता आलं नाही.

मग सुचलं, जुना ब्लॉक पनवेलला पाठवू. महिना तर महिना. गॅरेजला आलो तर मागची जागा रिकामी. दोन दिवसांपूर्वी भंगारवाला आला होता, इतर लोखंडाबरोबर मीच त्याला तो ब्लॉकही उचलायला सांगितलं होतं. जागा अडते म्हणून. त्याच्याकडे पळालो.

"तो तर तोडला, भाई," तो म्हणाला आणि बिडाच्या ढिगाकडे बोट दाखवलं.

दुसरा तसा ब्लॉक महाड, चिपळूण, पुण्यापर्यंत शोधला. मिळाला नाही. सरांना हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "मी पहिल्या दिवशीच फोन करायला हवा होता. तुम्ही इतके खपलात, वाईट वाटेल म्हणून थांबलो."

पुढे ते बाईंना संध्याकाळी वाडीतून चालत फिरवायचे. कधी जमायचं, कधी बाई रडून रडून झोपायच्या.

पाच-सहा महिन्यांनी दिवेआगरला एका कामाला गेलो, तेव्हा त्यांच्याकडे डोकावलो. बाई ओटीवर बसल्या होत्या. मला ओळखलं नाही, सरांनाही नाही.

"आता त्रास नाही हो," सर म्हणाले. "घरी जायचं म्हणतच नाही ती."

 चहा घेतला आणि निघालो.

आता गॅरेजमध्ये काढलेला कुठलाही पार्ट, कितीही बाद असो, गिऱ्हाइकाच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवतो. त्याने स्वतः येऊन 'टाका' म्हटल्याशिवाय हलवत नाही. जागा अडते. अडू दे.